श्वानछायाचित्रण आणि प्राणिकल्याणासाठी निधिसंकलन : एक ऐतिहासिक आढावा

सारांश

संघटित प्राणिकल्याण चळवळ आणि छायाचित्रण या दोन्हींचा उदय एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. पुढे या दोन प्रवाहांचा संगम होऊन श्वानाचे छायाचित्र हे प्राणिकल्याण संस्थांच्या निधिसंकलनाचे एक प्रमुख साधन बनले. प्रस्तुत निबंधात इंग्लंड, अमेरिका व भारत (विशेषतः मुंबई आणि गोवा) येथील निवडक घटनांच्या आधारे या साधनाच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे. छायाचित्र एका प्राण्याला चेहरा देते व म्हणूनच ते देणगी मिळवून देते. परंतु प्राणिकल्याणाची प्रत्यक्ष गरज बहुधा समूहाची असते. चेहरा आणि संख्या यांच्यातील हा ताण या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : श्वानछायाचित्रण, प्राणिकल्याण, निधिसंकलन, भटकी कुत्री, निर्बीजीकरण, दृश्य पुरावा.

१. प्रस्तावना

एखाद्या प्राणिकल्याण संस्थेचे आवाहनपत्रक हाती आले की त्यावरील मजकूर वाचण्यापूर्वी नजर जाते ती छायाचित्राकडे. पत्रकावर बहुधा एखादा कुत्रा आपल्याकडे पाहत असतो. ही गोष्ट इतकी सवयीची झाली आहे की तिलाही इतिहास आहे, याचा विसर पडतो. कुत्र्याचे छायाचित्र घेणे, ते छापून लोकांपर्यंत पोहोचवणे आणि त्यातून पैसा उभा करणे या तीनही क्रिया वेगवेगळ्या काळात शक्य झाल्या. प्रत्येक टप्प्यावर कोणता कुत्रा छायाचित्रास पात्र आहे, याविषयीची समाजाची कल्पनाही बदलत गेली.

निधिसंकलनाच्या दृष्टीने श्वानछायाचित्राची तीन रूपे संभवतात. पहिले रूप वस्तूचे : दिनदर्शिका, पुस्तक, छायाचित्रपत्र इत्यादी विकून पैसा मिळतो. दुसरे रूप पुराव्याचे : छायाचित्र क्रौर्य वा उपेक्षा दाखवते आणि त्यातून देणगी किंवा कायदा घडतो. तिसरे रूप परिचयाचे : छायाचित्र आश्रयगृहातील कुत्र्याची ओळख करून देते, त्याला घर मिळते व संस्थेवरील पोसण्याचा भार हलका होतो. ही तीन रूपे ध्यानात ठेवून पुढील विवेचन केले आहे.

२. तंत्र आणि वर्ग : प्रारंभीचा काळ

पशूंवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारा ब्रिटिश कायदा १८२२ मध्ये संमत झाला आणि १८२४ मध्ये लंडनमध्ये प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. १८४० मध्ये तिला ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले. या दोन तारखांच्या मध्ये, १८३९ साली, पॅरिसमध्ये दाग्युरोटाइप तंत्र जाहीर झाले. मात्र या तंत्राला प्रकाशासमोर दीर्घ काळ स्थिर राहणारा विषय लागे. माणसाच्या मानेमागे आधार लावून त्याला स्थिर बसवता येई. कुत्र्याला ‘हलू नकोस’ हे समजावणे कठीण होते. त्यामुळे सुरुवातीच्या श्वानछायाचित्रांत झोपलेले किंवा धन्याच्या मांडीवर धरून ठेवलेले कुत्रे अधिक दिसतात. १८५१ नंतरची ओल्या काचपट्टीची पद्धती, १८७० च्या दशकात आलेली कोरडी काचपट्टी आणि १८८८ मधील कोडॅक कॅमेरा यांमुळे ही अडचण क्रमाक्रमाने दूर झाली.

तांत्रिक अडचणीइतकीच सामाजिक अडचणही महत्त्वाची होती. छायाचित्राला पैसे पडत. त्यामुळे ज्या कुत्र्याला धनी होता, त्याचेच छायाचित्र निघे. इंग्लंडमधील पहिले संघटित श्वानप्रदर्शन १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे झाले आणि १८७३ मध्ये केनेल क्लबची स्थापना झाली. जातिवंत कुत्र्यांच्या या नव्या जगाने श्वानछायाचित्रणाला व्यवसायाचे स्वरूप दिले.

याच काळात, १८६० साली, मेरी टिअल्बी यांनी लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते आश्रयगृह उघडले. आज बॅटर्सी या नावाने ओळखली जाणारी संस्था ती हीच. ती १८७१ मध्ये बॅटर्सी येथे हलवण्यात आली. आरंभी वृत्तपत्रांनी या उपक्रमाची खिल्ली उडवली. माणसे उपाशी असताना कुत्र्यांसाठी घर कशाला, हा आक्षेप तेव्हाचाही होता. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात १८६२ मध्ये ‘टू डॉग शोज’ हा लेख प्रसिद्ध झाला. त्यात इस्लिंग्टन येथील दिमाखदार श्वानप्रदर्शन आणि हॉलोवे येथील अनाथ कुत्र्यांचे ‘प्रदर्शन’ यांची तुलना होती. छायाचित्रणाच्या इतिहासासाठी ही तुलना फार सूचक आहे. कॅमेरा बराच काळ पहिल्या प्रदर्शनातच रमला. दुसऱ्या प्रदर्शनापर्यंत पोहोचायला त्याला पुढील शतक उजाडावे लागले.

३. ‘आधी’ आणि ‘नंतर’ : बर्नार्डो प्रकरणाचा धडा

करुणेच्या छायाचित्रातून निधी उभारण्याचा पहिला मोठा प्रयोग कुत्र्यांच्या नव्हे, तर मुलांच्या संदर्भात झाला. लंडनमधील डॉ. थॉमस बर्नार्डो यांनी १८७० मध्ये स्टेप्नी येथे निराधार मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. आश्रमात येणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेण्याची प्रथा तेथे पडली. मूल रस्त्यावर असताना कसे होते आणि आश्रमात आल्यावर कसे झाले, हे दाखवणाऱ्या ‘आधी’ व ‘नंतर’च्या छायाचित्रांची विक्री होऊ लागली. २० छायाचित्रांचा संच ५ शिलिंगांना आणि सुटे छायाचित्र ६ पेन्सांना मिळत असे.

१८७७ मध्ये बर्नार्डो यांच्यावरील आरोपांची लवादापुढे चौकशी झाली. मुलांची दुरवस्था अधिक ठसावी म्हणून कपडे मुद्दाम फाटके दाखवले जातात, हा त्यातील एक आरोप होता. बहुतेक आरोपांतून बर्नार्डो मुक्त झाले. परंतु छायाचित्रांच्या बाबतीत ‘कलात्मक कल्पिता’चा आधार घेतल्याबद्दल लवादाने त्यांना दोष दिला. कार्य खरे असले तरी त्याचे चित्र खोटे असू शकते, हा या निर्णयाचा मथितार्थ होता.

‘आधी’ आणि ‘नंतर’ हीच मांडणी पुढे प्राणिकल्याण संस्थांच्या आवाहनांत रुजली. हाडे दिसणारा, खरजेने केस गळालेला कुत्रा आणि काही महिन्यांनंतरचा तोच तुकतुकीत कुत्रा ही जोडी देणगीदाराला त्याच्या पैशाचे फलित एका दृष्टिक्षेपात दाखवते. मात्र १८७७ मधील प्रश्नही या जोडीबरोबर आला. २०२० नंतरच्या काळात समाजमाध्यमांवर बनावट ‘सुटके’च्या चित्रफितींचा सुळसुळाट झाल्याचे आशिया खंडातील प्राणिकल्याण संस्थांच्या आघाडीने दाखवून दिले. प्राण्याला मुद्दाम संकटात टाकायचे, त्याची सुटका केल्याचे चित्रण करायचे आणि देणग्या मागायच्या, असा हा प्रकार आहे. येथे छायाचित्रणच क्रौर्याचे कारण बनते. बर्नार्डो प्रकरणात फाटले होते ते कापड; येथे इजा होते ती जिवाला.

४. याचक श्वान : रेल्वे स्थानकावरील निधिसंकलन

व्हिक्टोरियन काळाच्या उत्तरार्धात कुत्रा निधिसंकलनात उतरला तो लाभार्थी म्हणून नव्हे, तर याचक म्हणून. इंग्लंडमधील अनेक रेल्वे स्थानकांवर पाठीवर पेटी बांधलेले कुत्रे प्रवाशांकडून नाणी गोळा करीत. हा निधी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या विधवा व अनाथ मुलांसाठी असे. स्लाउ स्थानकावरील जिम हा कुत्रा १८९६ मध्ये मरण पावला. त्याचे पेंढा भरलेले शरीर काचपेटीत ठेवून त्याच स्थानकावर निधिसंकलन चालू राहिले. विंबल्डन स्थानकावरील लॅडी या एअरडेल टेरियर कुत्र्याने १९४९ ते १९५६ या काळात ५,००० पौंडांहून अधिक रक्कम गोळा केली. १९६० मध्ये तो मेल्यानंतर त्याचेही शरीर काचपेटीत बसवून १९९० पर्यंत स्थानकावर ठेवण्यात आले. पुढे ते यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले.

या प्रथेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, देणगी मिळण्यासाठी कुत्रा जिवंत असण्याचीही आवश्यकता नव्हती. त्याची स्थिर प्रतिमा पुरेशी होती. काचपेटीतील कुत्रा आणि चौकटीतील छायाचित्र यांचे कार्य एकच होते. दुसरी अशी की, कुत्र्याचे स्वतःचे दुःख येथे कोठेही नव्हते. निष्ठा व सेवा यांचे प्रतीक म्हणून तो माणसांसाठी मागत होता. कुत्र्याच्या प्रतिमेने कुत्र्यासाठीच मागणे, हे वळण त्यानंतरचे होय.

हे वळण घेण्यास छपाईतंत्राची जोड लागली. रॉयल सोसायटीचे ‘द अॅनिमल वर्ल्ड’ १८६९ पासून आणि मॅसॅच्युसेट्स येथील संस्थेचे ‘अवर डम्ब अॅनिमल्स’ १८६८ पासून प्रसिद्ध होत असे. प्रारंभी अशा नियतकालिकांना लाकडी ठशांवरच अवलंबून राहावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन ठसे आले आणि छायाचित्र मजकुरासोबत स्वस्तात छापता येऊ लागले. १९०२ मध्ये ब्रिटनच्या टपाल खात्याने पत्त्याच्या बाजूवर मजकूर लिहिण्यास परवानगी दिल्याने चित्रपत्रांची दुसरी बाजू पूर्णपणे चित्राला मिळाली. श्वानप्रतिमा घरोघरी पोहोचण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

५. पुरावा म्हणून छायाचित्र : १९६६ ची घटना

पुरावारूपी छायाचित्राचे सर्वांत परिणामकारक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातून पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री चोरीला गेली व न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयातील प्रयोगात ती मरण पावली. पाळीव कुत्री चोरून प्रयोगशाळांना विकणाऱ्या दलालांचा प्रश्न त्यामुळे चर्चेत आला. ४ फेब्रुवारी १९६६ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात स्टॅन वेमन यांनी मेरीलँडमधील एका दलालाच्या आवारात घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध झाली. साखळीने बांधलेली, अस्थिपंजर झालेली कुत्री त्यांत होती. वाचकांच्या पत्रांचा प्रचंड ओघ सुरू झाला आणि २४ ऑगस्ट १९६६ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्रयोगशाळा प्राणिकल्याण कायद्यावर स्वाक्षरी केली.

ही छायाचित्रे एखाद्या संस्थेच्या आवाहनपत्रकासाठी घेतली नव्हती. तरीही निधिसंकलनाच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे, कारण उपेक्षेचा उघडावाघडा पुरावा सर्वसामान्य कुटुंबाला हलवू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्याचबरोबर एक मर्यादाही समोर आली. १९६६ च्या कायद्याचे संरक्षण कुत्री, मांजरे, माकडे, गिनी पिग, हॅमस्टर व ससे यांनाच होते. प्रयोगशाळांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे उंदीर त्यात नव्हते आणि प्रयोगासाठी पैदास केलेल्या उंदरांना २००२ मध्ये कायद्याच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळण्यात आले. ज्यांचा चेहरा मनाला भिडतो, त्यांच्यापर्यंत कायदा आधी पोहोचला. इतर चौकटीबाहेर राहिले.

६. एक चेहरा, अनेक जीव

चौकटीचा हा प्रश्न पैशाच्या भाषेत किती स्पष्ट होतो, हे २००२ मधील एका प्रसंगावरून दिसते. मार्च २००२ मध्ये ‘इन्सिको १९०७’ या तेलवाहू जहाजाला पॅसिफिक महासागरात आग लागली. एप्रिलच्या सुरुवातीला एका प्रवासी जहाजाने खलाशांची सुटका केली. कप्तानाची कुत्री मात्र जहाजावरच राहिली. ही बातमी पसरताच हवाई येथील प्राणिकल्याण संस्थेकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. केवळ या एका कुत्रीसाठी ४८,००० डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि एप्रिलच्या अखेरीस तिची सुटका झाली.

डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन व पॉल स्लोविक या अभ्यासकांनी २००७ मधील आपल्या संशोधनात या घटनेचा उल्लेख केला आहे. एका ओळखीच्या चेहऱ्यासाठी लोक जितके देतात, तितके आकडेवारीसाठी देत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष सर्वपरिचित आहे. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, चेहऱ्यासोबत आकडेवारीही दिली, तर चेहऱ्याला मिळणारी देणगीसुद्धा घटते. म्हणजे संख्येचे भान देण्याचा प्रामाणिक प्रयत्न निधिसंकलनाच्या मुळावर येऊ शकतो. आवाहनपत्रकावर एकच कुत्रा का असतो, याचे उत्तर येथे मिळते.

२००७ पासून अमेरिकेतील प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्थेने (स्थापना १८६६) गायिका सारा मॅक्लॅक्लन यांच्या सहभागाने दूरचित्रवाणीवर जाहिरात प्रसारित केली. पिंजऱ्यातील कुत्र्यामांजरांचे चेहरे आणि संथ गीत एवढाच तिचा ऐवज होता. २००८ च्या अखेरीपर्यंत तिच्याद्वारे सुमारे ३ कोटी डॉलर जमल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मात्र अमेरिकेतील गावोगावची तशाच नावाची आश्रयगृहे कायद्याने स्वतंत्र आहेत. आपण दिलेला पैसा आपल्या गावातील कुत्र्यापर्यंत पोहोचेल, ही देणगीदाराची समजूत त्यामुळे अनेकदा चुकीची ठरते. चेहरा जवळचा वाटतो. पैसा कोठे जातो हे चेहऱ्यावरून कळत नाही.

७. दयनीयतेकडून व्यक्तिमत्त्वाकडे

विसाव्या शतकाच्या अखेरीस आश्रयगृहांतील छायाचित्रणात मूलभूत बदल झाला. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘पेटफाइंडर’ या संकेतस्थळावर आश्रयगृहांतील प्राण्यांची छायाचित्रे पाहता येऊ लागली. पिंजऱ्याच्या गजांआडून, डोळ्यांत प्रखर प्रकाश टाकून घेतलेले छायाचित्र कुत्र्याला गुन्हेगारासारखे दाखवते, हे कार्यकर्त्यांच्या लक्षात आले. ट्रेअर स्कॉट यांच्या ‘शेल्टर डॉग्ज’ (२००६) या पुस्तकाने आश्रयगृहातील कुत्र्याला व्यक्तिचित्राचा मान दिला. सेथ कॅस्टील यांनी २००७ पासून लॉस एंजेलिस येथील आश्रयगृहासाठी स्वयंसेवक म्हणून छायाचित्रे घेतली. पुढे २०१२ मध्ये त्यांचे ‘अंडरवॉटर डॉग्ज’ हे पुस्तक गाजले. सोफी गमाँ यांनी २०१४ पासून आक्रमक म्हणून बदनाम झालेल्या पिट बुल कुत्र्यांना फुलांचे मुकुट घालून त्यांची छायाचित्रे घेतली. १८६२ मधील लेखातील दुसऱ्या प्रदर्शनाला आता पहिल्या प्रदर्शनाचा थाट लाभला.

हा बदल केवळ अभिरुचीचा नव्हता. लँप व विटे यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅब्राडॉर वंशाच्या संकरित तरुण कुत्र्यांच्या छायाचित्रांची तपासणी केली. छायाचित्राचा दर्जा चांगला असणे, कुत्रा उभा असणे आणि त्याची नजर थेट कॅमेऱ्याकडे असणे यांचा संबंध दत्तक जाण्याच्या वेगाशी असल्याचे त्यांना आढळले. कुत्रा जितका लवकर घरी जातो, तितके आश्रयगृहाचे अन्न, औषध व जागा वाचते. अशा रीतीने परिचयरूपी छायाचित्र देणगी न मागताही संस्थेची आर्थिक बाजू सावरते.

८. मुंबई आणि गोवा : आश्रयगृहाबाहेरचा कुत्रा

वरील सर्व विवेचन धनी असलेल्या किंवा धन्याच्या शोधात असलेल्या कुत्र्याभोवती फिरते. भारतातील परिस्थिती वेगळी आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १.५३ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे १२.७६ लाख भटकी कुत्री होती. यांतील बहुसंख्य कुत्री कधीही दत्तक जाणार नाहीत. गल्लीतील चार घरांच्या उरलेल्या भाकरीवर आणि उकिरड्यावर त्यांचा उदरनिर्वाह चालतो.

मुंबईत या प्रश्नाला जुना इतिहास आहे. कंपनी सरकारच्या कुत्री मारण्याच्या आदेशाविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल उसळली होती. १८७४ मध्ये येथे प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली आणि १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणिरुग्णालय सुरू झाले. विशेष म्हणजे छायाचित्रणही या शहरात लवकर आले. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेची स्थापना १८५४ मधील आहे. तरीही या दोन परंपरा दीर्घकाळ एकमेकींपासून दूर राहिल्या. परळच्या रुग्णालयामागे धार्मिक दातृत्व व व्यापारी घराण्यांचा आश्रय होता; त्याला छायाचित्राची गरज भासली नाही.

१९८५ मध्ये मुंबईत ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था सुरू झाली. १९९४ पासून शहरात कुत्री मारण्याऐवजी निर्बीजीकरणाचे धोरण आले आणि २००१ मध्ये प्राणी जन्मनियंत्रण (श्वान) नियम देशभर लागू झाले. त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. कुत्रा पकडणे, त्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करणे आणि त्याला मूळ जागी सोडणे, हा या नियमांचा गाभा होता. या संस्थेच्या निधिसंकलनात रस्त्यावरील कुत्र्यांची छायाचित्रे असलेल्या दिनदर्शिकेला स्थान मिळाले. फलाटावर, हातगाडीखाली किंवा समुद्राच्या कठड्यावर पहुडलेला गावठी कुत्रा हा दिवाणखान्याच्या भिंतीवर वर्षभर टांगण्याजोगा विषय आहे, हे अशा दिनदर्शिकेने सुचवले. त्या कुत्र्याला घर मिळवून देणे हा तिचा हेतू नव्हता. तो जेथे आहे तेथेच त्याने निरोगी असावे, यासाठी ती पैसा मागत होती.

येथे एक लहानसा तपशील महत्त्वाचा ठरतो. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला ओळखीसाठी खाच पाडतात. माहिती नसणाऱ्याला छायाचित्रातील तो कान जखमी वाटतो. वस्तुतः ती खाच म्हणजे देणगीचा विनियोग झाल्याची पावती असते. दयनीयतेचे छायाचित्र जे दाखवू शकत नाही, ते हा कान दाखवतो : या एका कुत्र्यामागे मोजणी, शस्त्रक्रिया व लसीकरण यांची संपूर्ण योजना उभी आहे.

गोव्यातील अनुभव याच दिशेचा आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन रेबीज’ या मोहिमेने तेथे सामूहिक श्वानलसीकरण हाती घेतले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीजनियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. लस टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण केली जाई व नोंद भ्रमणध्वनीवर होई. रेबीजचा प्रसार थांबवण्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक मानले जाते. हा ७० टक्क्यांचा आकडा कोणत्याही एका छायाचित्रात मावत नाही. आणि श्वानदंशाने दगावणाऱ्या मुलांचे जीव मात्र त्याच आकड्यावर अवलंबून असतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री आश्रयगृहांत हलवण्याचा आदेश दिला व त्याच महिन्यात त्यात बदल केला. तेव्हा दोन्ही बाजूंनी छायाचित्रांचा आधार घेतला गेला. एका बाजूला निरागस डोळ्यांचा कुत्रा होता, तर दुसऱ्या बाजूला चावा घेतलेले मूल. दोन्ही छायाचित्रे खरी होती आणि दोन्ही अपुरी होती.

९. निष्कर्ष

१) छायाचित्राने प्रथम धनवानांच्या कुत्र्याला आणि सुमारे दीड शतकानंतर आश्रयगृहातील व रस्त्यावरील कुत्र्याला व्यक्तिचित्राचा मान दिला. या बदलामागे तंत्रज्ञानाइतकाच प्राणिकल्याण चळवळीचा वाटा आहे.

२) करुणेच्या छायाचित्राबाबतचा विश्वासार्हतेचा प्रश्न १८७७ इतका जुना आहे. उत्पन्न आणि खर्च यांच्या हिशोबाप्रमाणेच आवाहनातील छायाचित्रांचाही हिशोब संस्थांनी देणे इष्ट होय. छायाचित्र कधी व कोठे घेतले आणि त्या प्राण्याचे पुढे काय झाले, एवढी नोंद त्यासाठी पुरेशी आहे.

३) एका चेहऱ्यामुळे देणगी मिळते, परंतु भारतासारख्या देशात ती निर्बीजीकरण व लसीकरण या समूहाच्या कामावर खर्च होणे आवश्यक आहे. चेहऱ्याच्या नावाने मागावे आणि संख्येसाठी खर्चावे, हा मार्ग देणगीदाराला तसे स्पष्ट सांगितले तरच प्रामाणिक ठरतो. खाच असलेल्या कानाचे छायाचित्र हे त्या स्पष्टतेचे एक साधे साधन आहे.

४) दिनदर्शिका, आवाहनपत्रके व चित्रपत्रे वर्ष संपताच रद्दीत जातात. सामाजिक इतिहासाची साधने म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपापल्या परिसरातील संस्थांचे असे साहित्य जतन केल्यास माणूस आणि रस्त्यावरील कुत्रा यांच्या सहजीवनाचा स्थानिक इतिहास लिहिणे पुढील अभ्यासकांना शक्य होईल.